काडीकाका आणि पळपुटीची अंडी

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण ज्यानं कुणी काढली, त्याच्या शेजारी नक्की एखादा छत्रीवाला बसत असणार. माझ्या शेजारी बसायचा. आमची दोन दुकानं एकाच पत्र्याखाली, मध्ये फळ्यांची भिंत. अलीकडे माझं इस्त्रीचं, पलीकडे त्यांचं छत्र्यांचं. फळ्यांना फटी इतक्या, की ते तिकडे खोकले की माझी गिऱ्हाइकं मला विचारायची, बरं नाही का तुम्हाला म्हणून.

सगळी गल्ली त्यांना काडीकाका म्हणायची. छत्रीच्या मोडक्या काड्या बदलायचे म्हणून, आणि अंगानंही तसेच होते म्हणून. निकामी छत्र्यांच्या काड्या काढून डब्यात लांबीप्रमाणे लावून ठेवलेल्या असायच्या. त्यातली एक उचलायची, बारीक तारेनं बांधायची, टोकाला कापड टाचायचं, मग छत्री उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. खटका मनासारखा वाजला नाही, तर गिऱ्हाईक पाय आपटत उभं असलं तरी छत्री हातात मिळायची नाही. ‘अर्ध्या रस्त्यात मिटली तर शिव्या मला बसतील,’ म्हणायचे. बसायच्याच. दुरुस्त केल्या तरी बसायच्या.

कारण माणसाला एक वाईट खोड होती. पाऊस पडतोय तोवर दुकानात मान वर करायची नाही, आणि पाऊस थांबला रे थांबला की दार ओढून चालू पडायचं. आता सांगा, लोक छत्री न्यायला कधी येणार? पाऊस थांबल्यावरच ना! यायचे, बंद दार बघायचे आणि माझ्याकडे वळायचे. ‘कुठे गेले? कधी येतील?’ एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘मला काय विचारता? मी काय त्यांची बायको आहे?’ आणि नेमके तेव्हाच काका मागच्या दारानं परत आलेले. फळीपलीकडे हातोडीचा एक ठोका पडला आणि पुढचा पडलाच नाही. माझे कान इस्त्रीपेक्षा गरम झाले. पुढे दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, जसा काही गुन्हा त्यांचाच होता.

मी एकटीच. लग्न झालं नाही, का झालं नाही ते सांगत बसले तर दिवस जाईल. भाऊ होता, तो बायकोपोरं घेऊन लांब गेला, आणि दुकानामागची खोली माझ्या वाट्याला आली. सकाळी इस्त्री तापवायची, रात्री थंड करायची. दिवसभर माणसं येतात, पण ती कपड्यांशी बोलतात हो. ‘कॉलर नीट करा, पँटची घडी एकच पडू द्या.’ माझ्याशी बोलणारा आवाज एकच होता आणि तो फळीच्या फटीतून यायचा. ‘बाई, चहा ठेवताय का?’ ‘ठेवतेय.’ ‘मग माझाही ठेवा.’ एवढंच संभाषण, पण रोजचं.

एका पावसात वीज गेली. माझ्याकडे दमट कपड्यांचा हा ढीग आणि इस्त्री थंडगार. पाऊस थांबला तसे काका निघाले. मी दारातच उभी होते. म्हटलं, ‘रोज कुठे उलथता हो?’

‘या,’ म्हणाले. ‘बघा.’

बर्फाच्या कारखान्यामागून एक बोळ जातो, तो संपला की बांध, आणि बांधाखाली वाळू. इतकी वर्षं मी इथं राहते, पण समुद्राकडे मी फक्त पाऊस येतोय का ते बघायला मान वळवली असेल. त्या दिवशी वाळू पावसानं घट्ट झाली होती, पाय रुतत नव्हते. भरतीनं फेकलेल्या शेवाळाचे काळे ढीग पडले होते. पाऊल जवळ गेलं की ढिगावरच्या बारीक माश्या सगळ्या एकदम उठायच्या आणि परत बसायच्या. बांधाच्या कडेला गवत होतं, त्याच्यावर चतुर भिरभिरत होते, ओल्या उन्हात त्यांचे पंख दिसायचेच नाहीत, नुसती अंगं हवेत लटकलेली. काकांनी खाली बोट दाखवलं. हिरवा चकचकीत एक किडा वाळूवर सुसाट पळत होता. पळायचा, थांबायचा, पुन्हा पळायचा.

‘हा पळताना आंधळा होतो बहुतेक,’ काका म्हणाले. ‘म्हणून थांबून बघतो, कुठे आलो ते.’

‘तुम्हाला सांगितलं का त्यानं?’

‘नाही. मला आपलं वाटतं.’

आणि पक्षी. मला कावळा, चिमणी आणि बगळा सोडून काही ओळखू येत नाही. काकांनाही नावं येत नव्हती, त्यांनी स्वतःच ठेवली होती. लांब चोचीचा, चिखलात टाके घातल्यासारखा चालणारा, तो शिंपी. बसल्या जागी मागचा भाग सारखा वरखाली करणारी, ती डुलकी. आणि वाळूच्याच रंगाची, पांढऱ्या पोटाची, मुठीएवढी एक, जी उडायच्या ऐवजी तुरुतुरु पळत सुटायची, ती पळपुटी. पळपुटीवर त्यांचा फार जीव. पाऊस थांबला की किडे वर येतात, आणि किडे आले की हे सगळे जेवायला उतरतात. तेवढा वेळ गाठायचा, म्हणून त्यांची ती घाई.

आम्ही बांधावर बसलो. मी म्हटलं, ‘आणि हे बघून मिळतं काय?’

‘काही नाही.’

‘मग?’

काकांनी आधी चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाले, ‘पाऊस पडतो तोवर मी सगळ्यांना हवा असतो, बाई. थांबला की कुणालाच नको. ते दुकानात बसून सोसवत नाही. घरी जावं, तर घरी कोण आहे? इथं निदान कुणीतरी जेवत असतं.’

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत ते राहायचे. मला म्हणायचं होतं, फळीपलीकडे मी आहे की. पण असं कुणी तोंडावर म्हणतं का? मी म्हटलं, ‘चला, वीज आली असेल.’

त्यानंतर पाऊस थांबला की मी मधूनमधून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. वीज असली तरी. गिऱ्हाइकं आता दोन बंद दारं बघून शिव्या घालायची.

मग ते जिन्यावरून पडले. मोडलं-बिडलं काही नाही, पण कपाळाला खोक पडली आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्यांच्या मुलीला फोन केला. मुलगी लांबच्या शहरात, बँकेत. नवरा चांगला, घर मोठं, एक वर्षाची पोर. ती धावत आली. वाईट आहे का? मुळीच नाही. उलट अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. तिनं त्यांची खोली बघितली, जिना बघितला, मग दुकानात येऊन समोरच्या स्टुलावर बसली. मी इकडे साडी पसरली होती. कान फळीला लावायची गरजच नव्हती.

‘बाबा, आता पुरे. माझ्याकडे चला. कशाला एकट्यानं राहायचं?’

‘येईन गं.’

‘कधी? दर वेळी येईन म्हणता. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!’

आणि काका म्हणाले, ‘पळपुटीनं अंडी घातलीत. पिल्लं निघाली की येतो. शपथ.’

मुलगी आधी हसली, मग तिला कळलं की बाप चेष्टा करत नाहीय. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘पिल्लं निघाली की फोन करा. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते. आता शब्द फिरवायचा नाही.’ जाताना माझ्या दारात थांबली. ‘मावशी, जरा लक्ष ठेवा हं बाबांवर तोवर.’ मी हो म्हटलं. ती गेली आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मी मघापासून एकाच पदरावर इस्त्री फिरवतेय.

मला ते जायला नको होते. आडपडदा कशाला? ह्या वयात काय ते लग्नबिग्न माझ्या डोक्यात नव्हतं. मला फक्त ती हातोडी फळीपलीकडे वाजायला हवी होती, आणि दिवसातून एकदा कुणीतरी चहा ठेवताय का विचारायला हवं होतं. फार झालं का हो हे मागणं?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला अंडी दाखवली. बांधापासून थोड्या अंतरावर, भरतीची रेघ संपते त्याच्या वर, वाळूत उगीच बोटानं केल्यासारखा खळगा, आणि त्यात तीन अंडी. घरटं म्हणावं असं काहीच नाही. ना काडी ना पान, शिंपल्याचे चार तुकडे. वाळूचाच रंग, वर काळे फराटे. दाखवलं नसतं तर मी त्यांच्यावर पाय देऊन पुढे गेले असते.

‘ही काय जागा आहे?’ मी म्हटलं. ‘डोक्यावर छप्पर नाही, आजूबाजूला भिंत नाही. बाई वेडी आहे की काय?’

मी आपलं तोंडाला येईल ते बोलले. काकांनी ते मनावर घेतलं. त्या रात्री पाऊस झाला, आणि सकाळी लख्ख ऊन पडलं, पावसानंतर पडतं तसं, चटके देणारं. दुपारी काका माझ्या दारात आले. इतका खुललेला चेहरा मी कधी बघितला नव्हता.

‘सोय केली,’ म्हणाले. ‘सकाळीच केली.’

‘कसली?’

‘छपराची!’

न्यायला कुणी आलंच नाही अशा छत्र्या त्यांच्याकडे पडून असायच्या. त्यातली सगळ्यात मोठी, काळी, लाकडी दांड्याची, त्यांनी नव्या काड्या घालून तयार केली होती. सकाळी वाळूत खोल रोवली, बुडाशी दगड लावले आणि अंड्यांवर उघडून ठेवली. ऊन नाही, पाऊस नाही. आता पिल्लं सुखरूप निघणार. जन्मभर ज्यानं लोकांच्या डोक्यावर छत्री धरली, त्याला दुसरं काय सुचणार? मी इस्त्री बंद केली आणि त्यांच्याबरोबर गेले.

आम्ही बांधावर बसलो. छत्री लांबूनही दिसत होती. काका तिच्याकडेच बघत होते, आपलं काम नीट उभं आहे ना, वाऱ्यानं हलत नाही ना, एवढंच. मी मात्र पळपुटीकडे बघत होते, कारण ती मला शांत बसू देत नव्हती. ती छत्रीकडे धावायची, हातभर अंतरावर थांबायची, मान तिरकी करायची आणि मागे पळायची. पुन्हा दुसऱ्या बाजूनं यायची, पुन्हा थांबायची, पुन्हा मागे. तिचा जोडीदार लांबून सारखा ओरडत होता. एकदा ती कापडाच्या कडेपर्यंत पोचली, तेवढ्यात वाऱ्यानं कडा फडफडली, आणि ती उडालीच.

‘काका, ती आत जात नाहीय.’

‘आपण बसलोय म्हणून. गेलो की जाईल.’

‘काल आपण इथंच बसलो होतो. काल तर बसली होती की अंड्यांवर.’

‘सवय होईल तिला.’

मला मात्र लख्ख कळलं. मी इस्त्री करते ती रस्त्याकडे तोंड करून. पाठ दाराकडे करून मला कुणी उभं केलं, तर माझ्या हातून एक रुमाल धड होणार नाही. कोण येतंय, कोण जातंय ते दिसायला हवं. ह्या पाखराचंही तेच. कुत्रं येतंय की कावळा, हे तिला चारी बाजूंनी दिसायला हवं, म्हणून तर बयेनं उघड्या माळावर संसार मांडला होता. आणि आम्ही तिच्या डोळ्यांपुढे पडदा आणून लावला होता. सकाळपासून अंडी तशीच पडून होती, ऊब नाही की काही नाही.

आणि हे कळलं त्याच क्षणी दुसरंही कळलं. मी गप्प बसले, तर ही अंडी मरणार. अंडी मेली की पिल्लं निघणार नाहीत. पिल्लं निघाली नाहीत, की काका मुलीला सांगणार, थांब, पळपुटी पुन्हा अंडी घालेल. त्यांना मी ओळखते. ती दुसऱ्यांदा घालेल, ह्यांना दुसऱ्यांदा निमित्त मिळेल, आणि पाऊस थांबला की आम्ही दोघं पुन्हा इथंच येऊन बसू. मला काहीसुद्धा करायचं नव्हतं. फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि चूक तर माझी नव्हतीच.

पळपुटी पुन्हा आली. पुन्हा थांबली. तिचे ते पाय बघवत नव्हते मला, सारखे जागच्या जागी उचलत होती.

‘मरू दे मेलं!’ मी म्हटलं आणि उठले. तरातरा गेले, दगड लाथेनं उडवले आणि छत्री उपटली.

‘अहो बाई! अहो काय करताय? ऊन लागेल त्यांना!’ काका मागून धडपडत आले. त्यांनी छत्रीचा दांडा धरला. मी सोडला नाही. दोन म्हातारी माणसं भर दुपारी वाळूत छत्रीसाठी झोंबाझोंबी करतायत, बघणाऱ्याला वाटलं असेल ह्यांना वेड लागलंय.

‘लागू दे ऊन! तिला तुमची छत्री नकोय, तिला ती अंडी दिसायला हवीत, आणि आजूबाजूचं सगळं दिसायला हवं! सोडा!’

‘उघड्यावर मरतील ती!’

‘सावलीत मरतायत, काका!’

त्यांनी सोडली. आम्ही बांधावर जाऊन बसलो. मी छत्री मिटून पाठीमागे टाकली. बराच वेळ काहीच झालं नाही. माझ्या मनात आलं, उशीर झाला असेल तर? आणि खरं सांगते, हे मनात आलं तेव्हा मला वाईट वाटलं की बरं, ते मला धड कळलं नाही.

मग पळपुटी पाण्याच्या कडेला गेली, पोट भिजवलं, उन्हात अंडी गार ठेवायला असणार, आणि सरळ पळत आली. थांबली. चारी बाजूंना मान फिरवली. आणि अंड्यांवर ओलं पोट टेकवून, पंख जरा फाकवून बसली.

काका रडायला लागले. आवाज न करता, नुसतं पाणी गळत होतं. ‘मी मारणार होतो त्यांना,’ म्हणाले.

‘मारलं नाहीत ना? पुसा ते डोळे.’

पिल्लं निघाली. एका सकाळी पावसाची सर येऊन गेली होती, आम्ही गेलो तर खळग्यात कवचाचे तुकडे, आणि वाळूवर कापसाचे तीन बोळे पळतायत. जन्मून एक दिवस नाही झाला आणि पळतायत! आईनं इशारा केला की जागच्या जागी बसून वाळू व्हायची, दुसरा इशारा केला की पुन्हा पळायची, शेवाळावरच्या माश्या टिपायची. त्यांना भरवावं लागत नव्हतं. काका लहान पोरासारखे हसत होते. मीही हसले. संध्याकाळी फळीच्या फटीतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. ‘हो गं. निघाली. तिन्ही.’

मुलगी शब्दाला पक्की, दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. एक बॅग, एक गाठोडं. काड्यांचे डबे त्यांनी कुणालाही नको म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकले. मुलगी माझ्या पाया पडायची तेवढी बाकी राहिली, इतके आभार मानत होती. ‘मावशी, तुम्ही होतात म्हणून बाबा इतके दिवस राहिले.’ मी म्हटलं, ‘जा आता, उशीर होईल.’

काका गाडीत बसायच्या आधी माझ्या दारात आले. इतकी वर्षं फळीआडून बोलायची सवय, समोरासमोर जमतच नव्हतं.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तुम्ही ती छत्री राहू दिली असती, तर मी अजून इथंच असतो.’

‘माहीत आहे.’

‘तेव्हाही माहीत होतं?’

‘तेव्हाही.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माणूस आपल्याकडे असं बघतो तेव्हा कुठे बघावं हे मला अजून कळत नाही. मी हातातला शर्ट पुन्हा झटकला. मुलीनं हॉर्न वाजवला आणि ते गेले.

महिनाभर मी दम काढला. नंतरच्या एका दुपारी पाऊस पडला आणि थांबला. पलीकडे शांत. मी सरळ फोन उचलला. मुलीनं जाताना काकांचा नंबर देऊन ठेवला होता. मी ठरवलं होतं काय म्हणायचं ते. म्हणणार होते, काका, मला करमत नाही. परत या. तुमची खोली रिकामीच आहे, जिन्याला कठडा मी बसवून घेते. लाज कसली? ह्या वयात लाज धरून काय करायचंय?

‘हॅलो,’ त्यांचा आवाज आला. अगदी हळू, कुजबुजल्यासारखा.

‘काका, मी बोलतेय. बरं नाही का? आवाज असा का?’

‘बरं आहे हो. फार बरं आहे. नात माझ्या अंगावर झोपलीय. आईजवळ झोपत नाही आता, मीच लागतो तिला. हलता येत नाही मला दुपारभर.’ ते हसले, तेही हळूच. ‘बोला ना. काय म्हणत होतात?’

फोनमध्ये मला त्या पोरीचा श्वास ऐकू येत होता.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘सहज केला होता.’